पिसाऱ्यातली चार बोटं

सोजरबाईला मोर काढता येतो, हे तिला स्वतःला लग्नानंतर चौथ्या वर्षी कळलं. तेही नवऱ्याला ताप चढला म्हणून.

नवरा मारोतराव केनवडचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार हे त्याचं बारमाही काम. खरी धांदल लग्नसराईत. लग्नघराची पुढची भिंत रंगवून घ्यायची त्या भागात रीत. आधी चुन्याचा हात, मग दाराच्या दोन्ही अंगांना चित्रं, वर मोठ्या अक्षरांत ‘शुभ विवाह’ आणि खाली नवरानवरीची नावं. मारोतरावाची अक्षरं बघण्यासारखी. पट्टी न लावता ओळ सरळ जायची, वेलांटीचा गोल असा सुटायचा की रस्त्यानं जाणारा थांबून बघे. चित्रं मात्र तो उरकायचा. त्याच्या मामानं शिकवलेला एक मोर होता, ताठ मानेचा, नाकासमोर पाहणारा. खडूनं त्याची रेघ मारायची आणि सोजरबाईनं आत रंग भरायचा, असं चार वर्षं चाललं होतं.

त्या दिवशी रिठदच्या बाजूला एका मुलीच्या लग्नाची भिंत होती. दुसऱ्या दिवशी हळद. मारोतरावानं मोराचं पोट, पाय, अर्धा पिसारा काढला आणि खडू टाकून ओसरीत आडवा झाला. अंग भट्टीसारखं तापलेलं. सोजरबाईनं त्याच्यावर चादर टाकली आणि भिंतीसमोर येऊन उभी राहिली. मान काढायची राहिली होती. तिनं ब्रश उचलला. ताठ मान तिच्या हातून निघेना. निघाली ती मागं वळलेली, आपल्याच पिसाऱ्याकडे बघणारी.

मुलीचा बाप बघायला आला. म्हणाला, “अवं बाई, मोर पुढं काहून पाह्यत नाही?”

“त्याले मांग काय सोडून चाललो ते पाह्यचं हाय,” ती बोलून गेली. बोलल्यावर तिलाच लाज वाटली.

नवरीची आई दारात उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि नवऱ्याला म्हणाली, “राहू द्या. तसाच राहू द्या.”

तेव्हापासून अक्षरं मारोतरावाची आणि मोर सोजरबाईचा. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र ‘मारोती पेंटर, केनवड’ एवढंच असे. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली, आपलं नाव कुणाच्या भिंतीवर यावं हे तिच्या डोक्यातच नव्हतं. लोक मात्र नाव न वाचताच ओळखायचे. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कुठून कुठून सांगावा यायचा, “आमच्या घरी मोरवाल्या बाईले पाठवा.” मारोतराव हसून सांगायचा, “मी बी येतो ना बावा सोबत. नावं कोन लिहीन?”

मोर दिसायला सगळीकडे एकच होता. तीच वळलेली मान, तोच निळा, त्याच पाच ओळींचा पिसारा. पण पिसाऱ्यात एक डोळा ती त्या घराचा म्हणून वेगळा ठेवायची. दुपारी रंग वाळेपर्यंत घरातल्या बायकांमध्ये बसायची, चहा प्यायची आणि विचारायची, “तुमच्या घरची एक गोष्ट सांगा, पत्रिकेत छापली नाही अशी.”

बायका आधी हसायच्या. मग कुणीतरी एक बोलायला लागायची. एका घरी मुलीच्या शिक्षणासाठी आजोबानं गोऱ्हा विकला होता, तिथं पिसाच्या डोळ्यात दोन कोवळी शिंगं आली. एका घरातला बाप दहा वर्षांपूर्वी निघून गेला होता, तिथं चपलांचा जोड आला, दाराकडे तोंड करून. एका नवरदेवाला त्याच्या थोरल्या वहिनीनं अंगावर पाजून वाढवला होता. तिथं काय काढलं ते सोजरबाईनं कधी कुणाला सांगितलं नाही. बाहेरच्याला हे दिसायचं नाही. ज्याचं त्याला बरोबर सापडायचं.

आणि बायका बोलायच्या त्याला कारण होतं. भिंत किती दिवसांची? एक पावसाळा खाल्ला की निळा उतरायचा, दिवाळीला वरून चुना बसायचा. सांगितलेलं चुन्याखाली जाणार, हे सांगणारीला आणि ऐकणारीला, दोघींनाही ठाऊक असायचं.

धुरपताबाईची भिंत अशीच एक.

मंगरूळपीरकडच्या एका तांड्यावर तिच्या मुलाचं, राजपालचं लग्न होतं. धुरपताबाई आणि तिचा नवरा उदयसिंग सहा महिने ऊसतोडीला जाणारे, सहा महिने घरची दोन एकर करणारे. घर नवं बांधलेलं, भिंतीला अजून सिमेंटचा वास. दुपारी धुरपताबाईनं चहा आणला आणि बाकीच्या बायका पाण्याला गेल्यावर एकटीच समोर बसून राहिली.

“राजपालच्या आंदी एक पोरगी होती मले,” ती म्हणाली. “चंदा. पाच वर्साची होऊन गेली. तिकडं उसाच्या फडावर. ताप आला अन् दोन दिवसांत गेली. तिथंच कालव्याच्या काठी मातीत ठेवली. दुसऱ्या वर्षी गेलो तं कालव्याचं काम झालेलं. जागाच सापडली नाही.”

सोजरबाईनं चहाची कपबशी खाली ठेवली.

“हे तिचं नाव काढू देत नाहीत घरात. रागानं नाही. यायले सोसत नाही. तिचा फोटू नाही, कपडा नाही. बावीस वर्सांत आज पयल्यांदा बोलून राह्यली मी.” मग तिनं आपला डावा तळहात पुढं केला आणि करंगळी मुडपून घेतली. “तिच्या ह्या हाताले चारच बोटं होती. जल्मापासून.”

पिसाऱ्याच्या तिसऱ्या ओळीत सोजरबाईनं एक लहानसा डावा तळहात काढला. अंगठा आणि तीन बोटं. करंगळीच्या जागी नुसती गोलाई. धुरपताबाई भिंतीपाशी आली. हात न लावता, ओठ हलवत तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, “असाच होता.” एवढंच. संध्याकाळी निघताना मात्र तिनं सोजरबाईला मिठी मारली, अंगावरच्या चांदीच्या दागिन्यांसकट, असं की सोजरबाईच्या गळ्याला घुंगरांचा वळ उठला.

मारोतराव प्रत्येक भिंतीचा फोनवर फोटो काढायचा, तसा याही भिंतीचा काढला. जवळ जाऊन बघत म्हणाला, “अवं, एक बोट राह्यलं तुह्यं.”

“राह्यलं नाही. तसंच हाय,” ती म्हणाली, आणि परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागं बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. नवऱ्यापासून लपवायचं असं तिनं आजवर काही ठेवलंच नव्हतं.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मारोतरावाचं काम गेलं. फ्लेक्स आले होते, तरी लोक भिंतीवर नावं लिहून घेत. मग तेही थांबलं. दुकानाच्या पाट्या छापून यायला लागल्या, ट्रॉलीवर चिकटपट्टीची अक्षरं आली. सोजरबाईच्या मोराला अजून बोलावणं यायचं, पण आता लोक म्हणायचे, “नावाचं ब्यानर आनलं हाय आमी. तुमी फक्त मोर काढून द्या.” मारोतराव शिडी धरायला यायचा आणि शिडी धरून उभा राहायचा. दिवसभर. सोजरबाईला ते दिसत होतं. तिनं दोन-तीनदा मुद्दाम लोकांना सांगितलं, “नावं भिंतीवरच चांगली दिसतात.” कुणी ऐकलं नाही.

वाशीमला हेमसिंगचं छपाईचं दुकान होतं. पत्रिका, ब्यानर, भिंतीला चिकटवायची चित्रं, लग्नात लागणारे कागदी कप, सगळं छापून द्यायचा. त्याच्याकडची पोरं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करत आणि गिऱ्हाईक भांडत. मारोतरावाचं शुद्धलेखन चोख. हेमसिंगानं त्याला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पन्नाशी उलटल्यावर मारोतराव माऊस धरायला शिकला, आणि शिकला तो असा की वर्षभरात दुकानातली निम्मी कामं त्याच्या हातची. रोज सकाळच्या बसनं जायचा, दिवेलागणीला यायचा. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नखांत रंग नव्हता. सोजरबाईला आनंद झाला होता. तिनं त्याला दोन नवे शर्ट शिवून आणले.

“भिंती आता कोन रंगवते?” तो म्हणायचा. “लोकं टाइल लावून राह्यले. तू बी आता आराम कर.”

बोलावणी खरोखरच कमी झाली होती. तिला वाटलं, दिवसच तसे आले.

शिरपूरला तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं, निताचं लग्न निघालं. सोजरबाई आदल्या दिवशीच जाणार होती, पण तूर काढायची राहिली म्हणून लग्नाच्या सकाळी बसनं पोचली. मंगल कार्यालयाच्या कमानीवर तिला मोर दिसला.

वळलेली मान. पाच ओळींचा पिसारा. तिला आधी हर्षच झाला, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. वाटलं, कुणीतरी आपला मोर एवढा मोठा करून लावला! बहिणीचा हात धरून ती म्हणाली, “अवं, माहा मोर!”

“हा तं सगळीकडंच हाय आता,” बहीण म्हणाली. “मागच्या लग्नातबी हाच होता.”

आत गेली तर स्टेजच्या मागं तोच. खुर्च्यांच्या पाठीवर तोच. स्वागताला चहा आला, त्या कागदी कपावर अंगठ्याएवढा तोच. सोजरबाईनं कप हातात फिरवला. सवयीनं तिनं या घरचा डोळा शोधला. निताच्या घरचा कुठला असेल? निताच्या आजीची जात्याची खुंटी? मग तिसऱ्या ओळीवर नजर गेली.

लहानसा डावा तळहात होता. चार बोटांचा.

शेजारची बाई तिच्या कपात डोकावून म्हणाली, “छापनाऱ्यानं एक बोट खाल्लं पाय.” आणि हसून चहा पिऊन तिनं कप चुरगळून खुर्चीखाली टाकला. खुर्च्यांखाली असे शंभर-दोनशे कप पडले होते. लोक त्यांच्यावरून चालत होते.

कमानीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. सोजरबाई जवळ जाऊन एकेक अक्षर लावून वाचायला लागली. ‘डिझाइन : मारोती आर्ट्स’.

मारोतराव त्याच लग्नाला वाशीमहून थेट आला होता. पंगतीत हेमसिंगच्या शेजारी बसला होता. तिनं लांबून पाहिलं. त्यानंही पाहिलं, आणि पाहून भाजीच्या बादलीकडे मान वळवली. त्या मान वळवण्यानं तिला सगळं सांगून टाकलं. तोवर तिला वाटत होतं, हेमसिंगानं फसवलं असेल याला, फोटो चोरला असेल.

लग्नघरी तिनं तमाशा केला नाही. अक्षता टाकल्या, निताच्या डोक्यावरून हात फिरवला, एक कप धुऊन पिशवीत ठेवला आणि दुपारच्या बसनं परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतरावाचा चहा तिनं त्या कपात आणून ठेवला.

त्यानं कप उचलून फिरवून पाहिला. मग म्हणाला, “सांगनारच होतो तुले.”

“कवा?”

“हेमसिंगानं भिंतींचे फोटू पाह्यले माह्या फोनात. म्हने, हा मोर साफ करून द्या मले, चालन. म्या दिला. त्यात काय एवढं?”

“सगळ्या भिंती होत्या तुमच्यापाशी. हेच भिंत काहून?”

“तिचाच फोटू चांगला होता. ऊन बराबर पडलं होतं.”

सोजरबाईला वाटलं होतं तो काहीतरी मोठं कारण सांगेल. ऊन बरोबर पडलं होतं! ती खाली बसली.

“तुमाले ठाऊक होतं तो हात कोनाचा हाय. म्या सांगितलं होतं.”

“बारीक हाय तो. कोन पाह्यते?”

“अन् नाव तुमचं?”

आता मारोतराव उसळला. “नाव माहं नाही तं कोनाचं? पयली रेघ कोनाची होती? खडू कोनं मारला होता त्या दिवशी? पोट माहं, पाय माहे, पिसाऱ्याच्या पाच ओळी माह्या मामाच्या. तू मान वळवली, कबूल. एका मानीनं मोर तुहा झाला?”

त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्याच खडूच्या रेघेवर तिचा ब्रश चालला होता.

“अन् हरेक घरी तू तोच मोर काढला ना? वीस वर्सं?” तो पुढं म्हणाला. त्याचा आवाज आता समजावणीचा झाला होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. “कला असती तं हरेक बारी दुसरा निघाला असता. तोच तो पुन्हा काढला त्याले डिझाइन म्हनतात. डिझाइन भिंतीवर राह्यलं काय अन् कपावर गेलं काय. त्याचं कामच हाय ते.”

“डोळा हरेक घरी दुसरा होता.”

“एका डोळ्यासाठी कोनी पूर्ण मोर सोडते काय?”

मग कपाकडे न बघता तो म्हणाला, “माही अक्षरं गेली सोजर. एका वर्सात गेली. कोनाले पत्ता बी लागला नाही. तुहा मोर लोकायले पायजे होता. मी शिडी धरून उभा राहो. शिडी धरनाऱ्याचं नाव कोनी इचारते?”

हे तिला आधीच कळायला हवं होतं, असं तिला वाटलं. आणि कळलं असतं तर तिनं स्वतः त्याला मोर दिला असता, नावासकट दिला असता. फक्त तो हात काढून. त्यानं मागितला नाही. त्यानं तिच्या पाठीमागं घेतला, आणि वर दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्या हातची भाकर खात तिला सांगत राहिला की भिंती आता कोण रंगवते.

चौथ्या दिवशी ती मंगरूळपीरला उतरून तांड्यावर गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. धुरपताबाई यंदा ऊसतोडीला गेली नव्हती, अंगणात तूर पाखडत होती. तिनं ‘ये’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. सूप चालूच ठेवलं.

“पाह्यलं तू?” सोजरबाईनं विचारलं.

“मागच्या दिवाळीले पाह्यलं. राजपालनं क्यालेंडर आनलं दुकानातून. यायच्या पुढं खिळ्याले लावलं.” सूप थांबलं. “यायनं हात पाह्यला. बराबर तोच पाह्यला. इतकी वर्सं ज्यानं नाव काढलं नाही, तो मानूस मले म्हने, तू कोनाले सांगितलं? अन् वावरात निघून गेला. आठ दिवस घरात झोपला नाही.”

“म्या नाही दिला तो कोनाले. माह्या घरच्यायनं दिला.”

“त्यायले कोनं सांगितलं?”

मोटारसायकलवर मागं बसून आपण किती सहज सांगून टाकलं होतं ते सोजरबाईला आठवलं. तेव्हा मन हलकं झालं होतं.

धुरपताबाई रडली नाही. ती म्हणाली, “माह्या पोरीचा हात चाच्या कपावर हाय. लोकं पितात अन् फेकतात. तांड्यावरच्या हरिसिंगच्या लग्नात मी यीस-पंचवीस कप येचले. मंग म्हटलं, किती येचशील? मी भिंतीले सांगितलं होतं, बाई. तुले वाटलं तुले सांगितलं.”

सोजरबाई उठली तेव्हा धुरपताबाईनं तिला पाणी दिलं. तेवढं दिलं. ते पिताना सोजरबाईला कळलं की या अंगणात आपण पुन्हा येणार नाही.

तिथून ती घरी न जाता वाशीमला गेली. हेमसिंगचं दुकान तिनं पहिल्यांदाच पाहिलं. पंखे, छपाईच्या मशीनचा खडखडाट, भिंतीला तिचे मोर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मारोतराव. तिला बघून तो अर्धवट उठला.

हेमसिंग माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, थंड मागवलं. सोजरबाई म्हणाली, “मले नाव नोको, काही नोको. मोर राहू द्या तुमाले. तेवढा तिसऱ्या ओळीतला हात काढून टाका. फूल टाका, चांदणी टाका, काही टाका.”

“काकू, बरं झालं तुमीच बोलल्या,” हेमसिंग म्हणाला. “त्या हातासाठी मलेबी फोन येऊन राह्यले. लोकं म्हनतात, शुभकार्यात खंडित हात कायले? मारोतराव, करून टाका बरं ते.”

मारोतरावानं मान डोलावली.

खंडित. तो शब्द ऐकून तिला तिथंच हेमसिंगाला सांगावंसं वाटलं, की तो हात खंडित नाही, पुरा आहे, एका पोरीचा जेवढा होता तेवढा पुरा आहे. पण सांगायचं म्हणजे पुन्हा एकाला सांगायचं. ती उठली.

महिन्याभरानं गावातल्याच एका साखरपुड्यात नवे कप आले. सोजरबाईनं कप उजेडात धरला. तिसऱ्या ओळीत हात होताच. त्याला आता पाच बोटं होती. पाचवं बोट शेजारच्या बोटासारखंच होतं, हुबेहूब, तेच उचलून बाजूला ठेवल्यासारखं. तळव्यावर मेंदीची बारीक नक्षी होती.

त्या दिवशी मारोतराव घरी आला तेव्हा ती चुलीपाशी होती. तिनं न वळता विचारलं, “पाचवं बोट कोनं काढलं?”

“म्याच. तूच तं म्हटलं होतं बदला म्हनून.”

“काढून टाका म्हटलं होतं.”

“काढलं असतं तं पिसारा मोकळा दिसला असता तिथं. अन् हात लोकायले आवडते, शुभ असते. नीट करून टाकला. आता कोनाची तक्रार नाही.” तो खरोखर समाधानानं बोलत होता. त्याला वाटत होतं, त्यानं तिचं ऐकलं.

सोजरबाईनं भाकरी उलटली. नवऱ्यानं पहिल्यांदा फोटो दिला तो अडचणीत दिला, नाव लावलं ते जळून लावलं, हे तिनं कसंतरी गिळलं होतं. पण चंदाची गोष्ट ठाऊक असलेल्या जगातल्या चार माणसांपैकी हा एक होता. आणि यानं त्याच हातानं त्या पोरीला दुसऱ्याच पोरीचा हात लावून दिला. आता चंदाचा हात भिंतीवरही नव्हता, कपावरही नव्हता. धुरपताबाईला याचं वाईट वाटेल की सुटल्यासारखं वाटेल, हे विचारायची सोय तिला उरली नव्हती.

पुढं त्या वर्षी तालुक्याच्या एका मंडळानं मारोतरावाला शाल आणि नारळ दिला. मोर तोवर बुलढाण्यापर्यंत गेला होता. कुणी प्राध्यापक भाषणात म्हणाले, कला आणि डिझाइन यांच्यातली रेघ पुसणारा हा माणूस. मारोतरावानं घरी येऊन ते वाक्य दोनदा सांगितलं. तिला कार्यक्रमाला चल म्हणून त्यानं मनापासून आग्रह केला होता. तिनं त्याचा शर्ट इस्त्री करून दिला, आणि गेली नाही.

भिंतीचं काम तिनं सोडलं नाही, कारण बोलावणारे थोडे का होईना अजून होते. गावातल्या अंगणवाडीत काम करणाऱ्या पिंकीनं आपल्या लग्नाला तिलाच सांगितलं. मोरच पायजे, छापील नको, म्हणाली. सोजरबाईनं मोर काढायला नकार दिला. लोक म्हणाले असते, कपावरचा उतरवला. तिनं केळीची दोन झाडं काढली, कलश काढला, खूप मन लावून काढला. दुपारी पिंकीची आई चहा घेऊन तिच्यासमोर बसली. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणून म्हणाली, “आमच्या घरची एक गोष्ट हाय, सोजरबाई…”

“मले नोको सांगू,” सोजरबाई म्हणाली. पिंकीच्या आईचा चेहरा पडला, तरी सोजरबाई पुन्हा म्हणाली, “कोनालेच नोको सांगू, बाई.”

भिंत सुंदर झाली. तसं सगळे म्हणाले.

मारोतराव अजून सकाळच्या बसनं वाशीमला जातो. ती त्याचा डबा भरते, त्याची तब्येत विचारते, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलते. बाहेरच्याला काही दिसायचं नाही. मध्ये एकदा त्याला सुट्टी होती आणि ती रंगाची पिशवी घेऊन निघाली, तर तो आपणहून उठला. म्हणाला, “चाल, मी शिडी धरतो.”

“किशनले सांगितलं हाय,” ती म्हणाली. किशन म्हणजे शेजारचा.

“काहून? मी हावो ना घरी.”

“तुमी आराम करा.”

तो दारात उभा राहिला. कुठल्या गावाला चालली, कुणाचं घर, परत कधी येणार, हे सगळं ती पूर्वी चपला घालता घालता सांगायची. त्यानं थोडी वाट पाहिली. सोजरबाईनं पिशवी खांद्याला लावली आणि काही न सांगता ती रस्त्याला लागली.